हायब्रिड सायकल : सोलापूरचा उन्हाळा, पावसाळा आणि विजापूरची २०० किलोमीटरची फेरी

माझी हायब्रिड सायकल, म्हणजे रोडबाइक आणि डोंगरी सायकल यांच्या मधली, विकून बारीक टायरची, वाकड्या हँडलची रोडबाइक घ्यावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आज तरी नाही असंच आहे. पण दुकानातून आली तेव्हा ही लांब पल्ल्याची सायकल नव्हती. ती तशी व्हायला जो वरखर्च लागला तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो, म्हणून हे लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. तीस हजारांच्या आसपास जी हायब्रिड घ्याल तिच्यात ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे तीन-मागे आठ गिअर, तारेचे डिस्कब्रेक आणि सपाट हँडल बहुतेक हेच मिळतं, आणि दुखणीही साधारण हीच.

गावातल्या वापराबद्दल फार तक्रार नाही. सात रस्त्याकडून सैफुलपर्यंतचं रोजचं जाणं-येणं हिच्यावर मजेत होतं, खड्ड्यांत ३८ मिमीचे टायर हाताला धक्का लागू देत नाहीत. एप्रिलमध्ये मात्र उन्हात लावलेल्या सायकलच्या रबरी मुठी इतक्या चिकट झाल्या की तळहात काळे. दोन महिन्यांत त्या कापून फेकल्या. पावसाळ्यात डिस्कब्रेक चांगले लागतात, फक्त पॅड झिजत जातात तशी तार थोडी थोडी ताणून घ्यावी लागते. ते हातानेच होतं, मिस्त्री लागत नाही. काळ्या रानातल्या कच्च्या रस्त्यावर पावसात जाऊ नका. चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये असा बसतो की चाक फिरायचंच बंद होतं.

गिअरची परीक्षा तुळजापूरला. जेमतेम ४५ किलोमीटर, पण शेवटी घाट आहे. कोजागिरीला आपली माणसं हे अंतर चालत जातात, त्यामुळे घाटात सायकलवर बसून दमलो असं सांगायची सोय नाही. पुढचं २८ दातांचं आणि मागचं ३२ दातांचं गिअरचक्र जुळवलं की पायडलच्या एका फेरीत मागचं चाक एक पूर्ण फेरीही घेत नाही. वेग माणसाच्या चालण्यापेक्षा थोडाच जास्त, पण गुडघे शाबूत राहतात. माझा मित्र रोडबाइकवाला, तो उभा राहून पायडल मारत वर गेला आणि वर चहा घेऊन माझी वाट बघत बसला. यात हायब्रिडची बाजू घेण्यासारखं काही नाही.

विजापूरची कल्पना त्याचीच. सोलापूरहून गोलघुमट साधारण १०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीत, २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात, तीच मुदत आम्ही आमच्यापुरती धरली. कार्ड नाही, शिक्का नाही, पैज मात्र होती.

डिसेंबरात पहाटे निघालो. कंबर तलाव, सोरेगाव, हत्तूर, तेरामैल अंधारातच मागे गेलं. रस्ता चौपदरी आणि गुळगुळीत. याच महामार्गावर २०२१ च्या फेब्रुवारीत १८ तासांत साडेपंचवीस किलोमीटरची एक लेन डांबरून झाली होती, ते सायकलवर असताना आठवतं आणि मनातल्या मनात आभार मानले जातात. त्रास रस्त्याचा नाही, उसाच्या ट्रॅक्टरचा. मागे दोन ट्रॉल्या, दिवा एकाही ट्रॉलीला नाही, आणि खाली पडलेल्या कांड्या कडेच्या पट्टीवरच येतात. पुढचा दिवा स्वस्तातला घेऊ नका. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी लांबून दिसली पाहिजे.

टाकळीला भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक. हिवाळ्यात वारा ईशान्येकडून, त्यामुळे जाताना पाठीवर. विजापूर सोलापूरपेक्षा उंचावर आहे, तरी चढ जाणवला नाही. झळकीच्या अलीकडे मित्राचं मागचं चाक बसलं. काटा नव्हता, फुटलेल्या ट्रकच्या टायरमधली केसासारखी तार, हायवेच्या कडेला असल्या तारा पसरलेल्याच असतात. ट्यूब बदलली, पण त्याच्या २५ मिमीच्या टायरला हवेचा दाब जास्त लागतो, आणि हातपंपाने तो भरता भरता दंड भरून आले. पुढे पंक्चरवाला भेटला तर त्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड रोडबाइकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसेना. पितळी अडाप्टर तीस-चाळीस रुपयांचा, आणि साहेबांचा तो घरी. माझ्या सायकलला मोटारसायकलसारखाच व्हॉल्व्ह आहे, कुठल्याही टपरीवर हवा मिळते. दुकानात या गोष्टीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. आडगावी सायकल नेणाऱ्याने मात्र गिअरच्या आधी हे बघावं. मित्राने कानडीत बोलून कुठून तरी अडाप्टर पैदा केला, सोलापूरकराला तीन भाषा येतात त्याचा असाही उपयोग.

गोलघुमट लांबूनच दिसायला लागतो, आणि मग बराच वेळ दिसतच राहतो, येत नाही. ४४ मीटर व्यासाचा घुमट पायडल मारणाऱ्याला फारच जवळचा वाटतो. वर आवाज घुमवायला गेलो नाही. मित्राच्या क्लीटवाल्या, म्हणजे पायडलमध्ये अडकणाऱ्या बुटांनी ते अरुंद जिने चढवले नसते. बागेत बसून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. एनर्जी बारवर पैसे घालणाऱ्यांनी एकदा ज्वारीची कडक भाकरी नेऊन बघावी: वितळत नाही, नासत नाही, खिशात मोडली तरी भाकरीच.

परतीला तोच वारा तोंडावर. सपाट हँडलवर माणूस ताठ बसतो आणि सगळा वारा छातीवर घेतो. रोडबाइकवाला वाकून निसटतो. "वारा खाऊ नको बे, माझ्या चाकामागं ये," असं म्हणत त्याने मला धुळखेडपर्यंत आणलं. त्याच्या मागे राहिलं की पायातलं ओझं खरंच उतरतं, पण नजर सतत पुढच्या चाकावर ठेवावी लागते आणि त्याचाही थकवा येतो.

हायब्रिडचा खरा दोष इथे कळतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण मनगट एकाच कोनात राहून तळहातातली नस दाबली जाते. तुळजापूरला हे जाणवलं होतं, म्हणून विजापूरच्या आधीच तळहाताला आधार देणाऱ्या रुंद मुठी आणि हँडलच्या टोकांना शिंगांसारखे दांडे बसवून घेतले होते. त्यामुळे हात धरायच्या जागा दोन झाल्या आणि बधिरपणा शेवटच्या टप्प्यापर्यंत लांबला. गेला मात्र नाही. सीटचंही तसंच. कंपनीची जाड, मऊ सीट गावात गादीसारखी वाटते, पण तासाभरानंतर माणूस तिच्यात रुततो आणि मांड्या घासतात. आधीच बदललेली टणक, अरुंद सीट आणि पॅडची चड्डी यांनी दिवस निभावला. चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही, हे नवख्यांना स्पष्ट सांगावं लागतं.

साडेतेरा तासांच्या आत पोचलो, फार वेळ शिल्लक न ठेवता. मित्र एकटा असता तर दीड-दोन तास आधी पोचला असता, हेही खरं. नंतर काही दिवसांनी मागच्या चाकाची गिअरच्या बाजूची तार (स्पोक) तुटली, पिशवीचं वजन त्याच चाकावर होतं. गावातले जुने मिस्त्री चाक सुरेख सरळ करतात, पण त्या बाजूची तार घालायला कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरचक्रांचा संच, काढावी लागते आणि तिचा पाना सगळ्यांकडे नसतो. पाना स्वतः घेऊन ठेवा, मिस्त्री आनंदाने वापरतो.

रोज गावात फिरून महिन्यातून एखादी लांबची फेरी करायची असेल तर हायब्रिडच घ्या, वर चार-पाच हजार सीट-मुठींसाठी धरून. फक्त हायवेवर वेळेशी शर्यत करायची असेल तर घेऊ नका. मित्राने आता ३२ मिमीचे टायर मागवलेत. त्याच्या फ्रेममध्ये ते बसतील का, हे दुकानदार अजून नीट सांगत नाहीये.