सांगलीत मिळणारं हायब्रीड टी गुलाबाचं कलम: घ्या, पण बुडखा बघून

पावसाळा ओसरला की सांगली-मिरज भागातल्या रोपवाटिकांत हायब्रीड टी, म्हणजे एका दांड्याला शक्यतो एकच फूल देणाऱ्या, गुलाबाच्या काळ्या पिशव्यांच्या ओळी लागतात. साधारण शंभर ते दोनशे रुपयांना मिळणारी ही कलमं एकंदरीत घेण्यासारखी आहेत. रोपं ताजी असतात, रंगही भरपूर मिळतात. खोट असते ती नावात आणि पिशवीतल्या मातीत.

‘डच गुलाब’ म्हणून जे हातात देतात, ते काहीही असू शकतं. बऱ्याचदा तो पॉलिहाऊसमधला कटफ्लॉवरचा वाण निघतो. तो छताखाली, मोजून दिलेल्या खतपाण्यावर वाढणारा. अंगणात त्याची फुलं बारकी येतात आणि वासही जेमतेम. खरा हायब्रीड टी कळीवरून ओळखावा. कळी लांब आणि टोकदार, शक्यतो एका दांड्याला एकच. उमलताना मधला भाग उंच राहतो आणि बाहेरच्या पाकळ्या मागे वळत जातात. एकाच दांड्यावर झुपका दिसला तर तो बहुधा फ्लोरिबंडा. वाईट नाही, पण मागितलेला तो नव्हे.

लाल रंगात तर सगळ्यात जास्त घोळ. ‘मिस्टर लिंकन’ आणि ‘पापा मेयाँ’ या वाणांचे आईबाप एकच, ‘क्रायस्लर इम्पीरियल’ आणि ‘शार्ल मालेरँ’. त्यामुळे दोघेही गडद आणि दोघेही सुवासिक. काळपट मखमली झाक असलेला तो पापा मेयाँ; फूल अप्रतिम, पण भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) चटकन धरतो. उंच, जोमानं वाढणारा तो लिंकन. पहिल्यांदाच गुलाब लावणाऱ्यानं लिंकनच घ्यावा. ‘डबल डिलाइट’च्या मलईरंगी पाकळीवरची लाली ऊन लागेल तशी पसरते. सावलीत ठेवलेल्या रोपाचं फूल फिकं दिसलं म्हणून ते नकली ठरवू नका.

फुलाकडे नंतर बघा, आधी बुडखा बघा. डोळा भरलेल्या, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळाच्या झाडावर (खुंटावर) हव्या त्या वाणाचा डोळा बसवलेल्या जागी गाठ दिसते. त्या गाठीच्या वरून निदान दोन फांद्या पेन्सिलीएवढ्या जाड हव्यात. गाठीवरची प्लॅस्टिकची पट्टी सालीत रुतलेली असेल तर तिथून वरचा भाग आवळला जातो. असं रोप सोडून द्या. गाठीखालून फुटलेला धुमारा खुंटाचा असतो. त्याची पानं बहुधा फिकी, बारकी आणि सात दलांची, म्हणजे एका पानात सात छोटी पानं असलेली, असतात. पण नुसती दलं मोजून निर्णय घेऊ नका, कारण काही हायब्रीड टीलाही सात दलं येतात. बोटानं माती उकरून धुमारा कुठून निघालाय ते बघायचं. खुंटाचा निघाला तर कात्रीनं कापू नका, बुडापासून ओरबाडून काढा. कापला तर उरलेल्या डोळ्यांतून पुन्हा फुटतो.

आता मातीचा गोळा. बरीच रोपं बाहेरच्या रोपवाटिकांतून चिकट लाल मातीत बांधून येतात. हा गोळा एकदा वाळला की कुंडीत घातलेलं पाणी त्याच्या कडेनं निघून जातं. वरची माती ओली आणि आतली मुळं कोरडी. महिनाभरात रोप मान टाकतं आणि दोष खताला लागतो. पिशवी फाडून गोळा बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग फक्त बाहेरचा थर बोटांनी मोकळा करा. उन्हाळ्यात घेतलेल्या रोपाचा गोळा मात्र फोडू नये.

कुंडी 12 ते 14 इंचांची. दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. कृष्णाकाठची काळी माती एकटी वापरली तर निचरा होत नाही आणि मुळं कुजतात. कलमाची गाठ मातीच्या वर इंच-दोन इंच राहू द्या. रोज निदान सहा तास ऊन हवं.

रोपाबरोबर हाडांचा चुरा हमखास खपवला जातो. आपल्या चुनखडीच्या, अल्कधर्मी मातीत त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) झाडाला फारसं मिळत नाही, तेव्हा ते पैसे वाचवा आणि सिंगल सुपर फॉस्फेट घ्या. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता. त्यावर लोहाचं चिलेट, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, देतात; पण ईडीटीए चिलेट या मातीत टिकत नाही, ईडीडीएचए चिलेट लागतं. द्राक्षबागांमुळे तासगाव-सांगलीच्या कृषी केंद्रांत ते सहज मिळतं. कुंडीला 2-3 ग्रॅम पाण्यात विरघळवून मुळाशी द्यायचं.

द्राक्षासारखी गुलाबाचीही मुख्य छाटणी ऑक्टोबरची. निम्म्यावर आणा, बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या जरासा वर तिरपा काप घ्या आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. नाहीतर फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत येते. असं झालंच तर आतला गर पांढरा लागेपर्यंत कापत जायचं, अर्धवट ठेवायचं नाही. छाटणीनंतर साधारण दीड महिन्यात फुलं येतात.

भुरीवर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम, तेही पारा 32 अंशांच्या आत असतानाच. कडक उन्हात पानं करपतात. पानावर झालरीसारख्या कडेचे काळे ठिपके आले तर पानं ओली ठेवू नका, पाणी सकाळी आणि बुडाशीच घाला. एप्रिल-मेमध्ये फुलकिड्यांनी पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात आणि कळ्या अर्धवट उमलतात. त्या दिवसांत कळ्या खुडत राहा. नवीन रोप त्या वेळी घेऊच नका, पाऊस सरल्यावर घ्या.