समुद्रातून उगवणारा सूर्य आणि माझे ३७,११९ रुपये

आधी आकडे. पोलिसांसमोर इतक्या वेळा म्हटलेत की पाढ्यासारखे पाठ झालेत. १९,२०० आगाऊ, ६,००० ‘परत मिळणारं’ डिपॉझिट, १,९२० जीएसटी, आणि ९,९९९ कशाचे ते पुढे येईलच. एकूण ३७,११९, सहलीच्या खोट्या बुकिंगमध्ये गेलेले. मी पतसंस्थेत हिशेब बघतो. हे लिहिताना कान तापतात, पण लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचं होतं. ६० दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल घेऊन बसलो आणि कोकणकन्येची ठाणे ते कुडाळ चार कन्फर्म तिकिटं काढली. सुट्टीत ही तिकिटं मिळणं म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना माझा पुढचा मूर्खपणा थोडा तरी समजेल.

घोळ किनाऱ्यांवरून झाला. बायकोला गर्दी नको, म्हणजे तारकर्ली बाद. मुलीला स्कूबा आणि बेट. आईला गुडघ्यांमुळे चढउतार नको, म्हणजे निवतीचा किल्ला बाद. मला भोगवे. देवबागच्या टोकावरून ते समोर दिसतं, पण मधे कर्ली नदी, रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. रोज रात्री जेवणानंतर यावर वाद. अशात फेसबुकवर जाहिरात दिसली: चार रात्री, सात किनारे, त्सुनामी आयलंडवर एक रात्र तंबूत, चौघांचे ३८,४००. सगळ्यांचे हट्ट एकाच कागदावर पुरे होत होते.

फोन केला. पलीकडचा मराठीत बोलला, आणि बोलता बोलता ‘येवा, कोकण आपलाच असा’ म्हणाला. मी विरघळलो. परप्रांतीय आवाज असता तर दहा प्रश्न विचारले असते. इथे ‘दादा, वहिनींना खेकडे चालतात ना?’ एवढ्यावर मी निम्मे पैसे पाठवले. पाठवताना स्क्रीनवर हॉटेलचं नाव नाही, कुण्या बाईचं नाव आलं. ‘आमच्या मिसेसचं खातं, दादा.’ बरं. माझ्या काउंटरवर कुणी असं सांगितलं असतं तर मी व्हाउचर परत केलं असतं.

आता तो फोटो. खोलीची बाल्कनी, कठड्यावर दोन नारळ, समोर समुद्र आणि पाण्यातून वर येणारा तांबूस सूर्य. खाली लिहिलेलं: ‘बाल्कनीतून सूर्योदय’. मुलगी आठवीत आहे. तिने माझ्या खांद्यावरून बघितलं आणि म्हणाली, ‘बाबा, मालवणला समुद्र पश्चिमेला ना? मग सूर्य त्यातून उगवेल कसा?’

मी काय म्हणालो? ‘अगं, सूर्यास्त म्हणायचं असेल, टायपिंगची चूक.’

हा क्षण मी शेकडो वेळा मनात फिरवलाय. अरबी समुद्रात सूर्य बुडतो, हे कोकणात शेंबड्या पोरालाही माहीत. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. लहानपणी रोज संध्याकाळी सूर्य बुडाला की आजीच्या हाका सुरू. तरी मला त्या बाल्कनीत बसायचंच होतं, म्हणून त्या भामट्याची चूक मीच दुरुस्त करून दिली. पुढे भाच्याने फोटो गूगलवर शोधला तर तो निघाला अंदमानचा, हॅवलॉकच्या काळापत्थर किनाऱ्यावरचा. तो किनारा पूर्वेकडे आहे, तिथे सूर्य खरंच पाण्यातून उगवतो.

कार्यक्रमपत्रिकाही तशीच. सकाळी शिरोड्याचं वेळागर, दुपारी कुणकेश्वर, संध्याकाळी निवती. वेळागर तालुका वेंगुर्ला, कुणकेश्वर देवगड. मधे शंभरेक किलोमीटर, तेही कोकणातले. मग पुन्हा उलटं दक्षिणेला यायचं. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात कुडाळ स्टेशनसुद्धा पाहिलेलं नसणार. आणि त्सुनामी आयलंड म्हणजे खाडीतला वाळूचा पट्टा, भरतीला पाण्याखाली जातो. तिथे तंबू? आम्ही चौघे रात्री तरंगणार होतो.

तुम्ही बुकिंग करणार असाल तर समोरच्याला एवढंच विचारा: आज भरती किती वाजता? देवबागात राहणारा माणूस झोपेतून उठूनही सांगेल. माझ्यासारखं जेवणात काय असतं ते विचारू नका.

डिपॉझिट आणि जीएसटीची कथा लांबवत नाही, घाईगर्दीत दिलेले पैसे ते. निघायच्या संध्याकाळी फोन आला: ‘दादा, डिपॉझिट आम्ही बंद केलं, परत करतोय, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा.’ स्कॅन केला, पिन टाकला, ९,९९९ गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मी आमच्या संस्थेतल्या आजी-आजोबांना दर महिन्याला सांगतो. त्या वेळी आई औषधाची गोळी शोधत होती, बॅगा उघड्या पडल्या होत्या, रिक्षावाला खाली हॉर्न देत होता. ‘सर्व्हर एरर, २४ तासांत उलटे येतील, तुम्ही निघा.’ आणि आम्ही निघालो! बायको ‘नको जाऊया’ म्हणाली होती. ती आता ते बोलत नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

सकाळी कुडाळला उतरून गाडीने देवबाग. दिलेल्या पत्त्यावर एक मांगर, म्हणजे सामान ठेवायची शेड, दाराशी सुकायला टाकलेली जाळी. शेजारच्या काकींनी फोटो लांब धरून बघितला. ‘ह्यो फोटो हयचो नाय. ह्या म्हयन्यात तुमी चवथे.’ चवथे! म्हणजे आधीच्या तिघांपैकी कुणीतरी दोन ओळी कुठे लिहिल्या असत्या तर माझ्या वाचनात आल्या असत्या. लाज वाटून गप्प बसले असतील. मीही दोन महिने गप्पच होतो.

काकींनीच त्यांच्या दिराकडे १,८०० रुपये रोजाने खोली मिळवून दिली. मासे उत्तम होते, मला चव लागली नाही.

आता सरकारदरबार. तिथल्या पोलीस ठाण्यात सांगितलं, ‘पैसे ठाण्याहून गेले, तिकडे जा.’ परतल्यावर इथे सांगितलं, ‘हॉटेल तिकडचं, तिकडे द्या.’ मी म्हटलं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी तक्रार नोंदवावी लागते. साहेबांनी मान वर न करता विचारलं, ‘वकील का?’ दुसऱ्या खेपेला ते साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला साधा अर्ज घेतला, पोच दिली, पोचेवर माझं आडनाव चुकीचं. चौथी खेप ते आडनाव दुरुस्त करायला. तिथल्या हवालदाराने मला शहाणपण शिकवलं: ‘एवढं शिकलेले तुम्ही, बघून भरायचं ना.’ हे मला माहीत नाही का? मी काय ते ऐकायला दोन तास बाकावर बसलो होतो? बँकेने तर एका ओळीत विषय संपवला: पिन तुम्हीच टाकला.

एक चूक मात्र शंभर टक्के माझी. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन मी ९,९९९ जाताच करायला हवा होता. केला तिसऱ्या दिवशी. लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवता येते. माझी तोवर चार खाती फिरून एटीएममधून निघाली होती. पैसे गेले की आधी १९३०, मग cybercrime.gov.in, मग रडा. स्क्रीनशॉट पुसू नका. त्याच्याशी भांडू नका. मी भांडलो, त्याने मला ब्लॉक केलं आणि जाहिरातीतले सगळे फोटो काढून टाकले. वाचला तो एक बाल्कनीचा, कारण तो मी आईला दाखवायला सेव्ह केला होता.

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एकीने मला जाहिरात पाठवली, ‘गुहागरला कसं वाटतं हे?’ नाव नवं, नंबर नवा. कठड्यावर तेच दोन नारळ, आणि खाली तेच, ‘बाल्कनीतून सूर्योदय’.