रिम्स की हर्म्स: मॅशचे तापमान कोणाच्या भरवशावर सोडावे

घरी बिअर बनवण्याच्या विजेवरील ब्रूइंग संचात मॅशचे, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेल्या माल्ट धान्याचे, तापमान ठरल्या जागी टिकत नसेल, तर संशयाची पहिली सुई बहुतेक वेळा पीआयडी कंट्रोलरकडे, म्हणजे तापमान पाहून तापवणाऱ्या एलिमेंटची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाकडे, वळते. माझ्या अनुभवात कंट्रोलर क्वचितच दोषी असतो. उष्णता वॉर्टपर्यंत, म्हणजे मॅशमधून निघणाऱ्या गोड द्रवापर्यंत, कोणत्या मार्गाने पोहोचते, यावर बरेच काही अवलंबून असते. मॅश स्वतंत्र भांड्यात करणाऱ्यांपुढे सहसा दोन मार्ग असतात. रिम्समध्ये वॉर्ट पंपाने फिरवून एका नळीतील एलिमेंटवरून थेट नेले जाते, तर हर्म्समध्ये ते गरम पाण्याच्या टाकीत बुडवलेल्या कॉइलमधून फिरते. मी दोन्ही रचना वापरल्या आहेत आणि सध्या माझ्याकडे त्यांपैकी एकच उरली आहे.

दोन्ही रचनांना सारखेच सतावणारे दोष आधी बाजूला काढलेले बरे, कारण त्यांचे खापर उगाच रचनेवर फुटते. पीटी-१०० या तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा विद्युत रोध दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने बदलतो, त्यामुळे दोन तारांच्या जोडणीत तारांचा एक ओहम जास्तीचा रोधसुद्धा वाचन अडीच अंशांहून अधिक चुकवतो. तीन तारांचा सेन्सर ही तूट भरून काढतो. सेन्सरची तपासणी बर्फाच्या पाण्यात शून्य अंशाला करावी. उकळत्या पाण्यावर विसंबायचे असेल, तर उंचीनुसार उत्कलनबिंदू दर तीनशे मीटरला साधारण एक अंशाने उतरतो, हे ध्यानात ठेवावे. एसएसआर, म्हणजे कंट्रोलरच्या आदेशाने एलिमेंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बिघडला की तो बहुधा चालू अवस्थेतच अडकतो आणि कंट्रोलरने बंदचा आदेश दिला असतानाही एलिमेंट तापत राहते, म्हणून त्याच्या आधी हाताने तोडता येणारा स्विच किंवा कॉन्टॅक्टर असणे अत्यावश्यक आहे.

रिम्सचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तिसरे मोठे भांडे लागत नाही, मांडणी आटोपशीर राहते आणि टप्प्याटप्प्याने तापमान चढवायचे असेल तर ती चपळ असते. वीस लिटरच्या मॅशला चाळीस लिटरची हर्म्स टाकी जोडली, तर प्रत्येक अंश चढवताना जवळपास तिप्पट ऐवज तापवावा लागतो. तेवढ्याच वॅटच्या एलिमेंटला वेळही त्याच प्रमाणात लागतो. त्रेसष्ट अंशांवरून बहात्तरवर आणि तिथून मॅश-आउटसाठी, म्हणजे मॅशिंग संपवताना, शहात्तरवर जाण्याचा ज्यांचा नेहमीचा शिरस्ता आहे, त्यांना हा फरक जाचक वाटणे स्वाभाविक आहे.

मला मात्र रिम्सची एक गोष्ट कायम खुपत राहिली, ती म्हणजे प्रवाह मंदावल्यावर पडद्यावरचा आकडा निरर्थक होतो. १५०० वॅटचे एलिमेंट पूर्ण शक्तीने चालू असताना मिनिटाला चार लिटर वॉर्ट वाहत असेल, तर नळीतून जाताना ते सुमारे साडेपाच अंशांनी तापते. धान्याचा थर घट्ट बसून प्रवाह एका लिटरवर आला, की हीच वाढ एकवीस अंशांच्या पुढे जाते. प्रोब, म्हणजे तापमानाचा सेन्सर, मॅशच्या भांड्यात ठेवला, तर भांडे अद्याप थंड आहे म्हणून कंट्रोलर पूर्ण शक्ती देत राहतो आणि सहासष्ट अंशांचे वॉर्ट नळीत सत्याऐंशीपर्यंत जाऊन त्यातील बीटा-अमायलेज, म्हणजे स्टार्चची साखर करणारे विकर, निकामी होते. प्रोब नळीच्या तोंडाशी ठेवला, तर बाहेर पडणारे वॉर्ट नेमके सहासष्टला राखले जाते आणि पडदा समाधानकारक आकडा दाखवत राहतो. परंतु इतक्या थोड्या वॉर्टबरोबर उष्णताही थोडीच जात असल्याने भांड्यातला मॅश निवत असतो. प्रवाह पूर्ण थांबला तर याहून वाईट, कारण एलिमेंटला लागून साचलेले वॉर्ट करपू लागते आणि पुढे बसवलेल्या प्रोबपर्यंत ती बातमी पोहोचतच नाही. प्रोबची जागा बदलून पाहण्यात माझा बराच वेळ गेला, पण दोन्ही गरजा भागवणारी जागा मला सापडली नाही.

ऑटोट्यूनचेही, म्हणजे कंट्रोलरने आपली मूल्ये आपणच जुळवून घेण्याचेही, तसेच. रिम्स नळीचा प्रतिसाद प्रवाहाबरोबर बदलतो, त्यामुळे नुसत्या पाण्यावर मोकळ्या प्रवाहात काढलेली पीआयडी मूल्ये दाट मॅशवर डगमगू लागतात, आणि तापमान वर-खाली झुलताना पाहून माणूस पुन्हा कंट्रोलरलाच दोष देतो. हर्म्समध्ये प्रोब पाण्याच्या टाकीत असतो, मॅश संपेपर्यंत पाणी तेवढेच राहते आणि एकदा जुळवलेली मूल्ये सहसा पुन्हा चाळवावी लागत नाहीत. शिवाय टाकी अडुसष्टला असेल तर कॉइलमधील वॉर्ट अडुसष्टच्या वर जाऊच शकत नाही. पंप बंद पडला तरी ते तिथे निवांत पडून राहते. थेट विस्तवावरचे भांडे आणि पाण्यात ठेवून तापवलेले भांडे यांत जो फरक, तोच इथे आहे.

हर्म्स निर्दोष आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. टाकीतील पाणी ढवळले नाही तर वरचा थर गरम आणि खालचा थंड राहतो, प्रोब एका थराचे वाचन देतो आणि कॉइल दुसऱ्यातच बुडालेली असते. हर्म्स तापवतच नाही, अशी तक्रार कानावर आली की मी आधी पाणी फिरते आहे का ते विचारतो. छोटा पंप किंवा ढवळणी बसवल्यावर ती तक्रार बहुधा मिटते. वाटेतील उष्णतेची गळती भरून काढण्यासाठी टाकी मॅशच्या लक्ष्यापेक्षा अंश-दोन अंश वर ठेवावी लागते आणि हा फरक प्रत्येकाने आपल्या संचावर एकदा शोधावा. कॉइल आतून दिसत नाही, तेव्हा काम संपताच तिच्यातून गरम पाणी सोडण्याचा आळस परवडत नाही.

जागा अपुरी असेल किंवा टप्प्यांचे मॅशिंग हाच मुख्य छंद असेल, तर रिम्सचा विचार जरूर करावा, मात्र काही बंधने पाळून. एलिमेंट अत्यंत कमी वॅट-घनतेचे, म्हणजे पृष्ठभागाच्या मानाने कमी वॅटचे, घ्यावे, प्रवाह तुटताच एसएसआरचा आदेश तोडणारा फ्लो स्विच बसवावा आणि मॅशच्या भांड्यात दुसरा, केवळ वाचनापुरता प्रोब ठेवावा. एवढी जोडणी केल्यावर रिम्सच्या आटोपशीरपणातले किती शिल्लक राहते, ते खरेदीपूर्वी कागदावर मांडून पाहावे.