शब्द पाठ करायचं अ‍ॅप: दोन महिने वापरल्यावर

मी इंग्रजी शिकवते, म्हणून मुलांना सांगण्याआधी स्वतः वापरून पाहिलं. एक गोष्ट मनापासून आवडली: शब्द विसरायच्या बेतात असतानाच तो नेमका परत समोर येतो. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा आलेख, म्हणजे पाठ केलेलं काळानुसार कसं विसरत जातं ते, मांडला, त्याचाच हा उपयोग. आदल्या रात्रीच्या घोकंपट्टीपेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते, हे वर्गातही दिसतंच.

पण शब्दांची निवड! पहिल्याच आठवड्यात 'शँडेलिअर' (झुंबर) आणि 'पॉर्क्युपाइन' (साळिंदर). अहो, इंग्रजी शिकवण्याचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांनी इंग्रजीतल्या नेहमीच्या वापरातल्या सुमारे 2000 शब्दांची यादी 1953 मध्येच दिली होती. तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं दिसत नाही. 'रन'च्या कार्डावर अर्थ एकच, 'धावणे'. मग 'वी रॅन आउट ऑफ टाइम' (आमचा वेळ संपला) वाचून एखादा 'आम्ही वेळेबाहेर पळालो' असं लिहितो, त्यात त्याचा काय दोष?

उच्चार स्वच्छ आहेत. बोलायचा सराव मात्र नावालाच.

अ‍ॅप मी ठेवलंय, त्यातले कार्डांचे तयार संच तेवढे काढून टाकले. आता कार्डं मुलंच बनवतात, सुटा शब्द नाही, अख्खं वाक्य लिहून.