वर्षभराचा तक्ता की एकच शुभवर्तमान?

बायबल वाचनाची सवय तुटली की कोल्हापुरात आपल्या मंडळीतले लोक दोन सल्ले देतात. एक, तक्ता लावून वर्षात संपूर्ण बायबल: ६६ पुस्तके, ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. यात जुना करार, म्हणजे येशूच्या आधीचा भाग, सुटत नाही, ही मोठीच गोष्ट. पण लेवीय या नियमांनी भरलेल्या पुस्तकापाशी गाडी अडते. एक आठवडा बुडाला की वीसच्या वर अध्यायांची थकबाकी चढते, आणि माणूस वाचनच सोडतो.

दुसरा, मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे येशूचे जीवन सांगणारे बायबलमधले पुस्तक: १६ अध्याय, रोज एक, जमल्यास मोठ्याने. दिवस चुकला तर उद्या तिथूनच पुढे. रंकाळ्यावर पहाटे फिरायला जाणाऱ्यांनी परतल्यावर, चहाआधी वाचावे. वेळ ठरलेली हवीच.

खंड पडलेल्याला मी मार्कच सांगेन. मग बायबलमधलेच नीतिसूत्रे हे पुस्तक, ३१ अध्याय, महिनाभर पुरतात. तक्ता त्यानंतर, तोही घरातले कुणी सोबत वाचणार असेल तर.