घरच्या नेटवर्कवर बॅकअप: राउटरची डिस्क, जुना पीसी की नॅस?

घरातल्या दोन-तीन कॉम्प्युटरचा बॅकअप एकाच जागी जावा आणि लॅपटॉपला रोज डिस्क जोडायची कटकट नसावी, म्हणून लोक नेटवर्कवरच्या ड्राइव्हकडे वळतात. वाटा तीन आहेत: राउटरच्या यूएसबी पोर्टला डिस्क लावायची, जुन्या पीसीवर फोल्डर शेअर करायचं, किंवा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचा खास डिस्कचा डबा, घ्यायचा. निवडताना बहुतेक जण वेग, जागा आणि खर्च बघतात. मी आधी दुसरंच विचारतो. बॅकअप बंद पडला तर तुम्हाला कळणार कसं? आणि कळल्यावर तो दुरुस्त करणं तुमच्या हातात असेल का? बिघाड तिन्हीकडे होतात, पण काही बिघाड बोलके असतात आणि काही मुके. मुका बिघाड कळतो तो फाइल परत हवी असते त्या दिवशी.

एकच डेस्कटॉप असेल तर मात्र या भानगडीत पडूच नका. डिस्क थेट जोडा. बिघडण्यासारखं निम्मं तिथंच कमी होतं.

राउटरला लावलेली डिस्क

ही वाट सोपी दिसते. राउटर चोवीस तास चालूच असतो आणि पोर्ट रिकामंच असतं. पण मुके बिघाड सर्वांत जास्त इथेच होतात.

पहिली अडचण एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाइल देण्याघेण्याच्या पद्धतीची. बरेच जुने राउटर फक्त एसएमबी १ बोलतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फाइल लॉक करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, जगभर पसरलं ते एसएमबी १ मधल्याच त्रुटीतून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते काढून टाकायला सुरुवात केली. म्हणूनच जुन्या लॅपटॉपवर दिसणारी डिस्क नव्या लॅपटॉपवर दिसत नाही. अशा वेळी ‘विंडोजमध्ये एसएमबी १ परत चालू करा’ असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. राउटरच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ चा पर्याय आहे का ते बघा, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. तरीही नसेल तर त्या राउटरवर बॅकअप ठेवू नये, इतकं सरळ आहे.

दुसरी अडचण फॉरमॅटची, म्हणजे डिस्कवर फाइल मांडण्याच्या पद्धतीची. एफएटी३२ आणि एनटीएफएस ही त्यातली दोन नावं. डिस्क एफएटी३२ असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. फोटो मजेत कॉपी होतात, पण पूर्ण सिस्टमची इमेज, म्हणजे सगळ्याची मिळून एकच मोठी प्रत, घ्यायला गेलं की काम मध्येच थांबतं आणि संदेश येतो जागा अपुरी असल्याचा, तेही अर्धी डिस्क रिकामी असताना. एनटीएफएस केली तर वेगळाच त्रास. वीज गेल्यामुळे डिस्क नीट बंद झाली नसेल तर काही राउटर ती फक्त वाचण्यापुरती उघडतात, काही उघडतच नाहीत. फोल्डर दिसतं, जुन्या फाइल उघडतात, नवीन काहीच लिहिलं जात नाही. आठवडाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

शिवाय विजेचा प्रश्न आहेच. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेली डिस्क लिहिण्याचा भार आला की बंद पडून परत चालू होते. बॅकअप दर वेळी वेगळ्याच टक्क्याला तुटत असेल, तर संशय आधी इथे घ्यावा.

जुना पीसी

याचं मोठं बळ म्हणजे तो पूर्ण कॉम्प्युटर आहे. समोर बसून लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेली कामाची नोंद, वाचता येतो, डिस्कची तपासणी करता येते, जागा किती उरली ते दिसतं. बिघाड बोलतो, फक्त तो ऐकायला तुम्हाला जावं लागतं.

नेहमीचे गुन्हेगार ठरलेले असतात. पीसी स्लीपमध्ये जातो आणि रात्री दोनच्या बॅकअपला समोर कुणीच नसतं. नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं असतं आणि फायरवॉल शेअरिंग अडवते. ते ‘प्रायव्हेट’ करावं लागतं. तिसरा गुन्हेगार पासवर्डचा. रोज पिन टाकून किंवा चेहरा दाखवून लॉगिन करणारी माणसं शेअर (नेटवर्कवर दिलेलं फोल्डर) उघडतानाही पिनच टाकतात. नेटवर्कवर पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. यावर सुटसुटीत उपाय म्हणजे त्या पीसीवर फक्त बॅकअपसाठी एक स्थानिक युजर बनवायचा, त्याला पासवर्ड द्यायचा आणि फक्त बॅकअपच्या फोल्डरवर लिहिण्याची मुभा द्यायची.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुन्या पीसीवर तेच असेल तर लिनक्स आणि सांबा (लिनक्सवरून एसएमबीने फाइल देणारं सॉफ्टवेअर) टाकण्याचा विचार गंभीरपणे करावा. ते शिकायची तयारी असेल तर ही वाट मला मनापासून आवडते. तयारी नसेल तर पुढच्या वाटेला लागावं.

नॅस

नॅसमध्ये मी पैसे मोजायला सांगतो ते वेगासाठी नाही. डिस्क कुरकुरायला लागली, जागा संपत आली, कुणी चुकीचा पासवर्ड सारखा टाकतंय, तर नॅस ईमेल पाठवतो. ही एक सोय बाकीच्या सगळ्या वैशिष्ट्यांवर भारी आहे. मात्र ती सुरुवातीला बसून चालू करावी लागते आणि चाचणीचा ईमेल खरंच येतो का ते बघावं लागतं.

दुसरं कारण स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळी फाइल जशा होत्या तशा नॅसने जपून ठेवलेली स्थिती. लॅपटॉपवर रॅन्समवेअर शिरलं तर लॅपटॉपला जिथे लिहिता येतं ते सगळं ते लॉक करतं, त्यात जोडलेला बॅकअप ड्राइव्हही आला. राउटरच्या डिस्कला याच्यापुढे काहीच बचाव नाही. नॅसचे स्नॅपशॉट मात्र शेअरच्या आतून साध्या युजरला पुसता येत नाहीत. घेताना हे मॉडेल स्नॅपशॉट देतं का, हे विचारूनच घ्या, कारण सगळी देत नाहीत.

मॅक असेल तर तराजू आणखी नॅसकडे झुकतो. टाइम मशीनला, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या बॅकअपला, साधा शेअर पुरत नाही, समोरच्या यंत्राला त्यासाठीची खास सोय असावी लागते. सांबामध्ये ती ४.८ आवृत्तीत, म्हणजे २०१८ मध्ये आली, आणि बहुतेक नॅसवर ती एका खुणेने चालू होते. राउटरवर क्वचितच असते. तरीही मॅकवर कधीतरी संदेश येतो की बॅकअप तपासला, विश्वासार्हतेसाठी तो नव्याने सुरू करावा लागेल. याचा अर्थ नेटवर्कवरची ती बॅकअप फाइल बिघडली आहे. लॅपटॉपचं झाकण बॅकअप चालू असताना मिटणं आणि कमजोर वाय-फाय, ही त्याची नेहमीची कारणं.

नॅसवर विंडोजचा एक नवा अडथळा येतो तो विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटचा. विंडोज ११ प्रोवर हे अपडेट घेतल्यावर पासवर्डशिवाय, गेस्ट म्हणून उघडणारे शेअर बंद होतात आणि देवाणघेवाणीवर डिजिटल सही सक्तीची होते. काल चालणारा बॅकअप अपडेटनंतर अचानक थांबला असेल तर हे कारण आधी तपासा. विंडोजची सक्ती काढून टाकू नका. नॅसवर पासवर्ड असलेला युजर बनवा आणि त्याच्या नावाने जोडा.

दोन्ही डिस्कवर तेच लिहिणारा दोन डिस्कचा नॅस म्हणजे आपोआप बॅकअप झाला असं मात्र समजू नका. एक डिस्क मेली तरी दुसरीवर काम चालू राहतं, एवढंच. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी जाते. आणि नॅस बाहेरून दिसावा म्हणून राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडू नका. २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरने असेच इंटरनेटला उघडे असलेले नॅस गाठले होते.

काहीही घेतलंत तरी अडणाऱ्या गोष्टी

इथे थोडं सावकाश जातो, कारण नवं यंत्र घेऊनही यातलं काही सुटत नाही.

बॅकअप तुटला की सॉफ्टवेअर बदलण्याआधी खालून वर चढा. आधी समोरच्या यंत्राला त्याच्या आयपी पत्त्याने (नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता) पिंग करा, म्हणजे ते उत्तर देतं का ते बघा. उत्तर आलं नाही तर यंत्र झोपलंय, किंवा लॅपटॉप गेस्ट वाय-फायवर आहे, जिथून घरातली बाकी यंत्रं दिसूच नयेत अशी व्यवस्था असते. (फायरवॉल पिंग अडवते असंही होतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका.) मग पोर्ट ४४५ उघडं आहे का बघा, एसएमबी तिथूनच चालतं. विंडोजच्या पॉवरशेलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, हे एका आज्ञेत कळतं. मग शेअर आयपीने उघडा. आयपीने उघडतो पण नावाने ‘एरर ५३’, म्हणजे मार्ग सापडला नाही, असं येत असेल, तर गडबड नाव ओळखण्यात आहे. राउटरमध्ये त्या यंत्रासाठी आयपी राखून ठेवा आणि बॅकअपला तोच पत्ता द्या. शेअर उघडला तर त्यात एक रिकामी फाइल हाताने बनवा. ती बनली तर परवानगी ठीक आहे, आणि दोष आता बॅकअपच्या सॉफ्टवेअरच्या किंवा वेळापत्रकाच्या बाजूला उरतो.

तिथला सर्वांत फसवा प्रकार झेड ड्राइव्हचा, म्हणजे झेडसारखं अक्षर देऊन जोडलेल्या शेअरचा. हाताने चालवला की बॅकअप होतो, रात्री आपोआप चालवला की ‘ठिकाण सापडत नाही’. कारण जोडलेला ड्राइव्ह फक्त तुमच्या लॉगिनपुरता असतो आणि वेळापत्रकातलं काम बऱ्याचदा वेगळ्या सत्रात चालतं. त्याच्यासाठी झेड अस्तित्वातच नाही. अक्षराऐवजी पूर्ण मार्ग द्या, \\नॅस\बॅकअप अशा धर्तीचा, आणि युजर-पासवर्ड बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्येच भरा.

हे केल्यावर काहींना ‘एरर १२१९’ भेटतो. तुम्ही फोटो बघायला त्याच नॅसवर स्वतःच्या नावाने आत आहात आणि बॅकअप वेगळ्या युजरने आत जाऊ पाहतोय. एकाच यंत्राशी एकाच वेळी दोन नावांनी जोडणी विंडोज देत नाही. उपाय साधा आहे: एक जोडणी नावाने ठेवा, दुसरी आयपीने. विंडोज त्यांना दोन वेगळी यंत्रं समजतं.

वेगाबद्दल एकच आकडा ध्यानात ठेवा. ५०० जीबीचा पहिला बॅकअप गिगाबिट केबलवर सव्वा ते दीड तासात होतो, कारण सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात. केबलमधली एक जरी तार तुटली तर जोडणी मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरू शकते, मग ११-१२ एमबी जातात आणि तेच काम बारा तासांवर जातं. वेग असा ११ ला अडकलेला दिसला तर नॅस बदलू नका, केबल बदला. पहिला पूर्ण बॅकअप केबलनेच घ्या, रोजच्या बदलांना वाय-फाय पुरतं.

मग कुणी काय घ्यावं

दोन किंवा अधिक लॅपटॉप, त्यात एखादा मॅक, आणि घरात कुणालाच लॉग वाचत बसायची हौस नाही: नॅस. सेटिंगमध्ये रमणारं कुणी असेल आणि धड चालणारा पीसी पडून असेल, तर तोच वापरा, मात्र आतली डिस्क नवी घाला. राउटरचं पोर्ट मी मूळ बॅकअपसाठी सुचवणार नाही, राउटर नवा असला तरी नाही. सिनेमे आणि गाणी ठेवायला ते ठीक आहे.

राउटरला लावलेली डिस्क आधीच असेल तर तिला चांगलं काम आहे. तिच्यावरचा जुना बॅकअप आधी दुसरीकडे उतरवून घ्या, एफएटी३२ असेल तर नव्याने फॉरमॅट करा, आणि महिन्यातून एकदा नॅसला किंवा पीसीला थेट जोडून दुसरी प्रत काढा. प्रत झाली की एखादी फाइल त्या डिस्कवरून वेगळ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, मग डिस्क काढून शक्य असेल तर दुसऱ्या घरी ठेवा.