ओटीडी कामाच्या दिवसांत मोजायचा: नेटवर्कडेज की स्वतःचं कॅलेंडर टेबल?

ओटीडीचा (ऑन-टाइम डिलिव्हरी, म्हणजे माल कबूल तारखेला पोचतो का याचा) रिपोर्ट एक्सेलमधून पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्टिंगचं साधन) न्यायचं ठरलं की हा प्रश्न येतोच. उशीर कामाच्या दिवसांत मोजायचा, तर तयार नेटवर्कडेज फंक्शन घ्यायचं की तारखांचं टेबल आपणच बांधायचं? मी दोन्ही वापरलंय. सरसकट एकच उत्तर नाही, पण माझा कल पुढे कळेलच.

नेटवर्कडेजला कबूल तारीख आणि पोचल्याची तारीख दिली की ते कामाचे दिवस मोजून एका ओळीत काम उरकतं. एक्सेलवाल्यांना ते ओळखीचं आहे आणि २०२२ पासून डॅक्समध्येही (पॉवर बीआयची सूत्रांची भाषा) आलंय. साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार नसली तरी अडत नाही. आमच्या पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते, तिथे फंक्शनच्या तिसऱ्या जागी १५ टाकायचा, रविवारसाठी ११. (एक्सेलमध्ये यासाठी नेटवर्कडेज.इंटल लागतं.) चौथ्या जागी सणांची यादी दिली की झालं.

त्याची एक खोड मात्र सगळ्यांना भोवते. ते दोन्ही टोकांचे दिवस धरतं. कबूल केलेल्या दिवशीच माल पोचला तर उत्तर ० नाही, १ येतं. एक दिवस आधी पोचला तर उणे २. म्हणजे उशीर असेल तिथे एक वजा करा, आधी आला असेल तिथे एक मिळवा, आणि कबूल तारीखच सुट्टीची असेल तर तिसराच हिशेब. पण इफच्या दोन-तीन अटी लावून हे निभतं. एवढ्यासाठी मी फंक्शन सोडलं नसतं.

सोडलं ते बदली सुट्टीमुळे. २०२५ ची दिवाळी घ्या. २३ ऑक्टोबरची भाऊबीज गुरुवारी, म्हणजे साप्ताहिक सुट्टीच्याच दिवशी आली. अशा वेळी काय होतं ते कारखान्याच्या शॉपवाल्यांना सांगायला नको: आदल्या गुरुवारी, १६ तारखेला, कामावर यायचं आणि २४ च्या शुक्रवारी सुट्टी घ्यायची. २४ तारीख सणांच्या यादीत टाकता येते. १६ चं काय करणार? ती यादी दिवस फक्त वगळू शकते, सुट्टीचा वार कामाचा करू शकत नाही. १५ ला कबूल केलेला माल १७ ला पोचला, तर फंक्शनच्या लेखी उशीर एक दिवसाचा आणि प्रत्यक्षात दोन. चूक आपल्या फायद्याची असल्याने आपल्याकडे कोणी हटकत नाही. ग्राहकाच्या परचेसवाल्याच्या नजरेतून मात्र ती सुटत नाही.

कॅलेंडर टेबलात हा प्रश्नच येत नाही. प्रत्येक तारखेपुढे १ किंवा ०, आणि शेजारच्या कॉलममध्ये त्यांची चढती बेरीज. पोचल्याच्या तारखेचा चढता आकडा वजा कबूल तारखेचा चढता आकडा, हाच उशीर. वेळेवर असेल तर शून्य, आधी असेल तर उणे, टोकांची भानगड नाही. १६ ऑक्टोबरपुढच्या ० चा १ केला की पुढचे आकडे आपोआप सरकतात. मुख्य म्हणजे वाद झाला तर टेबल उघडून बोट ठेवता येतं की हे बघा, हे दिवस धरलेत. फंक्शन नुसता आकडा सांगतं.

याची कटकटही आहे, नाही असं नाही. दरवर्षी टेबल भरावं लागतं. ते ३१ डिसेंबरला संपत असेल तर जानेवारीत पोचलेल्या मालाला जोडीची तारीखच सापडत नाही. एक्सेल निदान एरर दाखवतं. डॅक्स वजाबाकीत रिकाम्या जागेला शून्य धरतं, उत्तर मोठ्या उणे आकड्यात जातं आणि उशिराचा माल वेळेवर म्हणून हिरवा दिसतो. म्हणून टेबल पुढच्या मार्चपर्यंत तरी भरून ठेवावं.

तुमची सुट्टी पक्की असेल, बदली वगैरे होत नसेल आणि रिपोर्ट फक्त आतल्या मीटिंगपुरता असेल, तर नेटवर्कडेज पुरेसं आहे. उगाच टेबलाच्या नादी लागू नका. पण आकडा ग्राहकाकडे जाणार असेल तर मी तरी टेबलच घेईन. आपला गुरुवार बंद आणि त्यांचा रविवार, असं असेल तर १-० चे कॉलम दोन ठेवावेत आणि उशीर कोणाच्या कॉलमने मोजायचा ते डिलिव्हरीचं शेड्यूल घेतानाच मेलवर लिहून घ्यावं.